दर प्रति केस

कोटेशनकाकांनी आयुष्यात एकही वस्तू तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेतली नव्हती. बायको सोडून, असं कारखान्यातले लोक म्हणायचे. त्यावर काकू म्हणायच्या, "सोडून कशाला, तिथेही तीन स्थळं बघूनच आले होते, मी तिसरी." खरं नाव त्यांना होतं, पगाराच्या कागदावर छापलेलंही असायचं, पण पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात सत्तावीस वर्षं काढल्यावर नाव कोण विचारतो. खिळा घ्यायचा असो की यंत्र, तीन कोटेशनं मागवायची, तुलना-तक्ता करायचा, सगळे दर शेजारी शेजारी मांडायचे आणि सगळ्यात कमी दराखाली लाल रेघ मारायची. एका वॉशरवाल्याने दर नगाचा की शेकड्याचा हे लिहिलं नव्हतं, तर काकांनी त्याला कागद तीनदा परत पाठवला होता. एकक नाही तर दर नाही, असं ते खात्यात नव्या येणाऱ्यांना बजावायचे.

तर अशा माणसाच्या पोरीचे केस गेले.

पोरीला घरात ठकी म्हणायचे. तेवीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची काडी गरम करून वाकवायची, आरसा पुढे धरून "बघा, चेहराच बदलला" म्हणायची, हे तिचं काम. दुकानाच्या चारी भिंतींना आरसे. पहिल्यांदा कानामागे नाण्याएवढी जागा गुळगुळीत झाली. मग मागे एक, टाळूवर एक, मग मोजणंच सोडून दिलं. चाई पडणं म्हणतात ना, ते. महिनाभर तिने उरलेले केस इकडून तिकडे वळवून कसंबसं झाकलं. मग एके दिवशी एक आजी नवा चष्मा न्यायला आल्या. ठकीने तो त्यांच्या नाकावर चढवला, आजींनी दोन-चारदा पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि नव्या काचांतून त्यांना पहिलं स्वच्छ काय दिसलं असेल, तर ठकीचं डोकं. "अगं बाई, तुझ्या डोक्याला काय गं झालं?" म्हातारीच्या मनात वाईट काही नव्हतं, पण आवाज खणखणीत होता. दुकानातली सगळी डोकी वळली, आणि आरशांमुळे होती त्याच्या चौपट वळली.

ठकी त्या दुपारी घरी आली, खोलीत शिरली, आणि चार महिने झाले तरी बाहेर पडली नव्हती. न्हाणीघरापर्यंत काय ती ये-जा, तीही डोक्याला गच्च रुमाल बांधून. ताट भरून आत जायचं आणि अर्धं बाहेर यायचं. एवढी बडबडी पोरगी, टेलिफोनलाही दमवणारी, आता विचारलं तर हो किंवा नाही. काकू तिच्या खोलीत खाली अंथरूण घालून झोपायला लागल्या. कपाटातल्या झोपेच्या गोळ्या त्यांनी उचलून पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवल्या. का ठेवल्या हे त्यांनी सांगितलं नाही, काकांनीही विचारलं नाही.

दुकानाची मालकीण भली बाई. तिने निरोप पाठवला की पंधरा तारखेपर्यंत जागा धरून ठेवते, पुढे मात्र दुसरी मुलगी बघावी लागेल. काकांनी बंद दाराबाहेर उभं राहून निरोप वाचून दाखवला. मग ठकी म्हणाली, "पंधरापर्यंत डोक्यावर केस दिसले तर जाईन, बाबा. नाही दिसले तर कुठेच जाणार नाही. कुठेच म्हणजे कुठेच."

शेवटचा तो 'कुठेच' काकांनी बरोबर ऐकला. ते म्हणाले, "मी आणतो केस." जणू येताना भाजी आणतो म्हणावं तसं.

आता खरं सांगायचं तर एका डॉक्टरांनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. मोठ्या सरकारी दवाखान्यातले ते त्वचेचे डॉक्टर. तिथे आधी केसपेपर काढायची रांग, मग केसपेपर घेऊन बसायची रांग, मग कुणीतरी ओरडणार, "ही केस कुणाची?" तीन फेऱ्यांत काकांच्या कानांना त्या भाषेची सवय झाली. तिथे माणसाला माणूस म्हणत नाहीत, केस म्हणतात. डॉक्टर हडकुळे, दिवसाला शंभर केस तपासून डोळे आत गेलेले. ठकी कामावर जात होती तेव्हाच्या दोन फेऱ्यांत त्यांनी तिला मलम दिलं, सुया टोचल्या. ती खोलीत शिरल्यावर तिसऱ्या वेळी काका एकटेच रिपोर्ट आणायला गेले तेव्हा ते म्हणाले, "चाई आहे. शरीर स्वतःच्याच केसांवर उठतं. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. पुष्कळांचे परत येतात, काहींचे येत नाहीत."

"हमी किती?" काकांनी विचारलं.

"हमी नाही देता येत."

"मग ते केसरोपण म्हणतात ते?"

"त्याच्या नादाला लागू नका. अशा चाईवर ते करत नाहीत. लावाल तेही गळतील. मलम चालू ठेवा, आणि मुलीला घरात कोंडून राहू देऊ नका, तेवढं बघा."

केवढं सरळ बोलणं. पण सत्तावीस वर्षं खरेदी खात्यात बसलेल्या माणसाच्या कानात ते सरळ शिरेल तर शपथ. ज्याच्याकडे माल नसतो तो दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवतो, हा काकांचा अनुभव. पाइपवाला नेहमी दुसऱ्या पाइपवाल्याचा पाइप फुटका आहे म्हणूनच सांगतो. शिवाय मुदत नाही, हमी नाही, हे काय कोटेशन झालं? लाल रेघेचा नियम लावला असता तर खर्चात तेच डॉक्टर सगळ्यात खाली होते, मलमाचे पैसे तेवढे. पण काकांनी तो रिपोर्टचा कागद टाचणीने बाजूला लावला, वर 'अपात्र' लिहिलं, आणि घरी येऊन सांगितलं, "त्यांना काही कळत नाही." पुढच्या महिन्यात मलमही बंद झालं.

मग काका कामाला लागले. तुलना-तक्ता घातला. एका बड्या इस्पितळाने रोपणाचे एक लाख वीस हजार सांगितले, खोलीभाडं वेगळं. एका दवाखान्यात हाताचं रक्त काढून त्यातला पिवळा भाग डोक्यात टोचायचे, आठ बैठका, बैठकीला नऊ हजार, म्हणजे बहात्तर, आणि आठ बैठका म्हणजे आठ महिने. पंधरा तारीख तर तोंडावर. एका बाईंनी खऱ्या केसांचा टोप पस्तीस हजारांना दाखवला, पण ठकीने दाराआडून विचारलं, "वाऱ्याने उडाला तर?" आणि टोपाचं कोटेशन तिथेच बाद झालं. काका जेवताना आकडे पुटपुटायचे, अंघोळ करताना पुटपुटायचे. भांडारातले टकलू साहेब, म्हणजे जन्माचे सुखी, एकदा चहा पिताना म्हणाले, "काका, केस म्हणजे नुसता खर्च हो. मला बघा, तेल नको, कंगवा नको." एरवी काका हसले असते. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला आणि उठून गेले.

तिसरं कोटेशन मिळालं ते केसांच्या एका नव्या सेंटरचं. फोनवर मधाळ आवाजाची मुलगी. "सर, आमच्याकडे पर केस पंचेचाळीस."

काकांचा हात लिहिता लिहिता थांबला. "पंचेचाळीस? सगळं धरून?"

"सगळं धरून, सर. भूल, औषध, रोपण, सगळं त्यातच. मागचे केस काढून पुढे लावायचे. त्याच दिवशी डोक्यावर केस दिसतात."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी, सर."

बुडत्याला काडी दिसली. एक लाख वीस, बहात्तर, आणि हे पंचेचाळीस. काकांनी लेखी मागवलं, तासाभरात आलंही. स्वच्छ छापलेलं. दर : ४५ प्रति केस, सर्वसमावेशक. दवाखान्याच्या तिन्ही फेऱ्यांत ज्यांच्या कानांवर ही केस, ती केस, तुमची केस पुढच्या मंगळवारी, हेच आदळत होतं, त्यांनी त्या केसचा अर्थ माणूस घेतला. आणि पंचेचाळीसपुढचे हजार मनातल्या मनात स्वतःच लावले, कारण बाकीच्यांचेही हजारातच होते. वॉशरवाल्याला तीनदा हेलपाटे घालायला लावणारा हा माणूस. पण पोरीच्या जिवावर बेतलं की बापाची अक्कल आधी गहाण पडते. त्यांनी पंचेचाळीसखाली लाल रेघ मारली आणि त्याच दिवशी वीस हजार भरून आले.

काकू म्हणाल्या, "अहो, एकदा तिला विचारा तरी. तिच्यासमोर बसा, तिच्याकडे बघा. चार महिन्यांत तुम्ही तिचं डोकं एकदाही बघितलेलं नाही."

हे खरं होतं. ताट द्यायला काकू जायच्या. काका दारापर्यंत जायचे आणि दाराशी बोलायचे. रुमालाआड काय आहे ते बघायची त्यांच्यात हिंमत नव्हती, असं म्हटलं तर त्यांना राग आला असता, पण नव्हती.

"विचारायचं काय त्यात?" ते म्हणाले. "पंपाला विचारतो का मी, तुला वॉशर कुठला घालू?"

तेरा तारखेला सकाळी ठकी चार महिन्यांनी उंबरठ्याबाहेर आली. पायात चपला घालताना तिचा तोल गेला, इतकी सवय मोडली होती. काकांनी दारातच गाडी बोलावली होती. मागच्या सीटवर ती रुमाल कपाळापर्यंत ओढून बसली आणि म्हणाली, "आज दिसतील ना, बाबा?"

"आजच."

"नक्की?"

"लेखी आहे," काका म्हणाले, आणि खिशातला कागद चाचपला. ठकीने खिडकीकडे तोंड केलं. ती किंचित हसली असं काकांना वाटलं, आणि एवढ्यानेच त्यांचे डोळे भरून आले.

सेंटर म्हणजे काचा, कुंड्या आणि भिंतीवर जोडीजोडीने फोटो, आधी टकला, नंतर केसाळ. एक मुलगी ठकीला आत घेऊन गेली. मोठे डॉक्टर बाराला येतात, तोवर तयारी करून ठेवतो, असं तिने सांगितलं. काका बाहेरच्या मऊ कोचावर बसले. आतून यंत्राचा घूंऽऽ असा आवाज बराच वेळ येत राहिला. तो कसला हे विचारावंसं वाटलं, पण तज्ज्ञांच्या कामात तोंड घालायचं नाही म्हणून गप्प राहिले.

तासाभराने काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी पुढे केली. हा तोच मधाळ आवाज. "सर, मोजणी झाली. चोवीसशे लागतील. बाकी भरली की डॉक्टर आल्या आल्या सुरू करू."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, २४०० गुणिले ४५, एक लाख आठ हजार. वजा वीस. बाकी अठ्ठ्याऐंशी हजार.

"हे काय?" काका म्हणाले. "पंचेचाळीस ठरलं होतं. त्यातले वीस दिले. पंचवीस राहिले."

"पंचेचाळीस पर केस, सर."

"मग मी काय म्हणतोय? केस एकच आहे. माझी मुलगी. आत बसलीय ती."

मुलगी गोंधळली. तिने आपल्या कपाळावरची एक बट दोन बोटांत धरून दाखवली. "केस, सर. हा केस. अशा एका केसाला पंचेचाळीस."

काका त्या बटेकडे बघत राहिले. एकक. सत्तावीस वर्षं ज्याच्यावर जगले ते एकक. ते भांडले नाहीत, ओरडले नाहीत, चक्क हात जोडले. दुकानदारांनी ज्यांच्यापुढे सत्तावीस वर्षं हात जोडले, ते काका. "ताई, मी भरतो. सगळे भरतो. आजचा दिवस थांबू नका. ठेव मोडतो, बँक दोनपर्यंत उघडी असते. तिला पंधराला कामावर जायचंय हो. तुम्ही सुरू करा." त्यांनी काकूंना फोन लावून पासबुक कुठल्या कप्प्यात आहे ते सांगायलाही सुरुवात केली.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, आत गेले, आणि पाच मिनिटांत बाहेर आले. चांगलेच चिडलेले. "ही केस कुणी घेतली? ही चाई आहे. यावर रोपण होत नाही. लावलं तर तेही जातील." मग काकांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही आधी कुठे दाखवलं नव्हतं का? कुणी सांगितलं नाही?"

काकांच्या हातात फोन तसाच होता, आत काकू "हॅलो, हॅलो" करत होत्या. आणि डॉक्टरांच्या मागे दारात ठकी उभी होती.

तिच्या डोक्यावर आता काहीच नव्हतं. तयारी म्हणजे ती होती. चाईने जे सोडलं होतं तेही यंत्राने साफ केलं होतं.

"लावा परत," काका म्हणाले. कुणाला म्हणाले त्यांनाही कळलं नाही. "जे काढले ते तरी लावा. ते चांगले होते. ते गळत नव्हते." ते आत धावले. फरशी झाडून पुसून झाली होती. कोपऱ्यातल्या बादलीचं झाकण त्यांनी उघडलं, आत हात घातला, कापसाचे बोळे, कागद, आणि खाली काळे केस, ठकीचे आणि आणखी कुणाकुणाचे, एकत्र. ते त्यातून निवडायला लागले. हे आपले, हे नाहीत, हे आपले. दुसऱ्या कुणी केसाने गळा कापला असता तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती.

"बाबा, उठा," ठकी म्हणाली.

ते उठले. मुठीत काही केस होते, त्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"सरकारी डॉक्टर बोलले होते हे?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. काकांनी तोंड उघडलंही. "हो," ते म्हणाले.

"कधी?"

"रिपोर्ट आणायला गेलो तेव्हा."

"आणि मला म्हणालात त्यांना काही कळत नाही."

"ते हमी देत नव्हते गं. मला हमी हवी होती." त्यांचा आवाज फाटला. "केसांची नाही. तुझी. तू त्या दिवशी 'कुठेच' म्हणालीस ना, तेव्हापासून मला झोप नाही. कुणीतरी लिहून द्यावं की ही पोरगी राहील. किती घेतील ते घेतील."

ठकी त्यांच्याकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "ते कोण लिहून देणार, बाबा? मलाही नाही देता येत."

वीस हजार परत मिळणार नव्हते, मधाळ आवाजाने नियम दाखवला. काकांनी तो वाचला नाही. दोघं बाहेर आली. गाडी परत पाठवलेली होती, म्हणून कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. भर दुपार. ठकीचा रुमाल रडून ओला झालेला, तिने तो पिळून पिशवीत टाकला होता. काकांनी आपला पुढे केला, तिने घेतला नाही. थांब्यावर सात-आठ माणसं होती. दोन शाळकरी मुली कुजबुजल्या, एका बाईने बघून न बघितल्यासारखं केलं, एक गृहस्थ अगदी टक लावून बघत राहिले.

काका ठकीच्या पुढे जाऊन उभे राहिले. गृहस्थ डावीकडे सरकले तसे काकाही डावीकडे सरकले. आणि जित्याची खोड, उभ्या उभ्या बोलायला लागले. "अजून दोन दिवस आहेत. त्या टोपवाल्या बाई आहेत, पस्तीस म्हणाल्या होत्या, तीसला देतील. नाहीतर आणखी एक ठिकाण आहे, मी भाव विचारतो, लेखी नको, समोरासमोर विचारतो. आणि त्या डॉक्टरांकडे उद्याच जाऊ, मलम परत सुरू करू, पाया पडतो मी त्यांच्या..."

"बाबा."

"हं?"

"आता एक शब्द बोलू नका. आणि बाजूला व्हा. ऊन येऊ दे."

काका बाजूला झाले. ऊन तिच्या उघड्या डोक्यावर पडलं. चाईचे गोल फिक्कट, मधली कातडी निळसर, आणि थोडंसं रक्त, यंत्र लागलं होतं तिथे. तिने डोळे मिटून घेतले होते. बस येईना. सगळा थांबा बघत होता. काकांना कुठे बघावं ते कळेना, म्हणून त्यांनी तिच्याकडे बघितलं.